शहराची हद्द आधी आखावी की पाण्याचा हिशेब आधी मांडावा?

प्रश्न : नगररचना_अभ्यासक

नमस्कार. मी नगररचनेचा विद्यार्थी आहे आणि प्रादेशिक आराखड्यांमध्ये पाण्याचा विचार नेमका कोणत्या टप्प्यावर होतो, याचा अभ्यास करीत आहे. निरनिराळ्या प्रदेशांचे आराखडे वाचताना एकच क्रम पुन्हा पुन्हा समोर येतो. पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज आधी बांधला जातो. त्याप्रमाणे निवासी, औद्योगिक आणि वाहतुकीच्या जमिनी नकाशावर रंगवल्या जातात. त्यानंतर माणशी ठरावीक लिटरांनी गुणून पाण्याची मागणी काढली जाते, आणि ती मागणी व आजचा पुरवठा यांतील फरकाला ‘तूट’ असे नाव दिले जाते. ही तूट भरून काढण्यासाठी शेवटच्या प्रकरणात एखाद्या दूरच्या धरणाचा किंवा शेजारच्या खोऱ्याचा उल्लेख येतो. म्हणजे जमिनीचे सगळे निर्णय होऊन गेल्यावर पाण्याला बोलावले जाते, आणि तोवर पाण्याने ‘नाही’ म्हणण्याची सोय उरलेली नसते.

या क्रमाचे सर्वांत ठळक उदाहरण मला लॉस एंजेलिसचे वाटते. १९१३ मध्ये सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा जलमार्ग पूर्ण करून त्या शहराने ओवेन्स खोऱ्यातले पाणी आणले. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आतच ओवेन्स सरोवर जवळजवळ कोरडे पडले आणि त्याच्या उघड्या, क्षारयुक्त तळावरून उडणारी धूळ पुढे कित्येक दशके त्या खोऱ्यातल्या रहिवाशांच्या श्वासात जात राहिली. ती आवरण्यासाठी २००१ पासून त्याच शहराला त्या तळावर पुन्हा पाणी पसरावे लागले. दरम्यान आणलेल्या पाण्याने शहर वाढले, वाढलेल्या शहराला आणखी पाणी लागले, आणि १९४१ पासून आणखी उत्तरेकडच्या मोनो सरोवराला मिळणारे ओढेही त्याच जलमार्गात वळवले गेले.

माझे प्रश्न तीन आहेत. जमिनीच्या वापराचा निर्णय होण्यापूर्वीच पाण्याचा हिशेब बंधनकारक करता येतो काय, आणि जेथे तसे केले आहे तेथे काय अनुभव आला? हा हिशेब शहराच्या हद्दीत मांडावा, प्रशासकीय विभागाच्या हद्दीत मांडावा, की नदीच्या खोऱ्याच्या हद्दीत? आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो : पाण्याच्या मर्यादेने शहराची वाढ रोखली, तर त्याचा भार अखेर कोणावर पडतो? तत्त्वांची यादी मला पुस्तकांत मिळते. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी आपले मत सविस्तर मांडावे, अशी विनंती आहे.

उत्तर : निवृत्त_जलअभियंता

आपण सांगितलेला क्रम मी नोकरीच्या काळात आतून पाहिला आहे. मागणीचा तक्ता करणारा मीच असे, आणि त्या तक्त्यातला लोकसंख्येचा आकडा मला वरून आलेला असे. तो आकडा बदलण्याचा अधिकार मला नव्हता. त्याला पुरेल एवढे पाणी कोठून तरी शोधून काढणे एवढेच माझे काम होते. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध आहे. हिशेब आधी झाला पाहिजे, आणि तो करणाऱ्याला ‘एवढेच शक्य आहे’ असे लिहिण्याचा अधिकार असला पाहिजे.

हिशेब म्हणजे काय, हे थोडे खुलासेवार सांगतो, कारण येथेच सर्वांत मोठी गफलत होते. आराखड्यात सहसा सरासरी वर्षाचे पाणी धरलेले असते. शहर मात्र सरासरी वर्षात अडचणीत येत नाही. ते लागोपाठच्या दोन किंवा तीन कोरड्या वर्षांत येते. म्हणून शंभरपैकी किती वर्षांत किमान एवढे पाणी मिळेल, हे आधी ठरवावे लागते, आणि पिण्याच्या पाण्यासाठी ही विश्वासार्हता सिंचनापेक्षा बरीच वरची धरावी लागते. त्यातून नदी वाहती राहण्यासाठी लागणारे पाणी प्रथम वजा करावे. नंतर ज्यांना आधीच पाण्याचे हक्क दिलेले आहेत त्यांचा वाटा वजा करावा, मग बाष्पीभवन आणि वहनातील व्यय. जे उरते ते नव्या वाढीसाठी. बहुतेक आराखड्यांत ही वजाबाकी उलट्या टोकाने होते, आणि नदीच्या वाट्याला उरलेसुरले येते.

पावसाच्या जुन्या नोंदींवर किती विसंबावे, हाही प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थच्या परिसरात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पाऊस घटला. परंतु धरणांत येणारा ओघ पावसाच्या मानाने कितीतरी अधिक प्रमाणात घटला. कारण सोपे आहे. पडलेल्या पावसातून माती आणि झाडे आपला वाटा आधी घेतात, आणि त्यांची तहान भागल्यावर जे उरते तेच ओढ्याला मिळते. पाऊस थोडा कमी झाला तरी ती ‘उरलेली’ रक्कम फार मोठ्या प्रमाणात आक्रसते. २००६ मध्ये त्या शहराने समुद्राचे पाणी गोडे करणारा मोठा प्रकल्प सुरू केला, कारण जुन्या नोंदींवर बेतलेली धरणे आता त्याच हिशेबाने भरत नव्हती.

बंधन घालण्याचे निरनिराळे प्रयोग झाले आहेत. नेदरलँड्समध्ये २००३ पासून जमिनीच्या आराखड्यांना ‘पाण्याची परीक्षा’ लागू आहे : आराखडा करणाऱ्या संस्थेने अगदी सुरुवातीलाच जलमंडळाशी, म्हणजे पाण्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या स्थानिक संस्थेशी, बोलावे आणि त्याच्या सल्ल्याचे काय केले, हे आराखड्यात लिहावे. हा सल्ला सक्तीचा नाही, ही त्यातली उणीव आहे. तरीही जलतज्ज्ञ पहिल्या बैठकीला हजर असतो, आणि माझ्या अनुभवात त्याचे मोल फार मोठे आहे. कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये दोन कायदे करून पाचशेहून अधिक घरांच्या प्रकल्पांना, कोरड्या वर्षांचाही विचार करून, पुरेसे पाणी उपलब्ध असल्याचे दाखवणे आवश्यक केले. ॲरिझोनाने याहून पुढे जाऊन १९८० च्या भूजल कायद्याच्या आधारे ठरावीक व्यवस्थापन क्षेत्रांत नव्या वसाहतींना शंभर वर्षे पुरेल एवढ्या पाण्याची हमी दाखवायला लावली. जून २०२३ मध्ये तेथील राज्य यंत्रणेने फिनिक्सच्या परिसरात केवळ भूजलाच्या आधारावर अशा हमीची नवी प्रमाणपत्रे देणे थांबवले. म्हणजे चाळीस वर्षांनी का होईना, हिशेबाने खरोखर ‘नाही’ म्हटले.

हद्दीबाबत माझे मत खोऱ्याच्या बाजूने आहे, पण त्यात एक अट आहे. पाणी उताराप्रमाणे वाहते, कर मात्र नगरपालिकेच्या हद्दीप्रमाणे गोळा होतो. खोऱ्याच्या मंडळाला स्वतःचे उत्पन्न नसेल तर ते केवळ अहवाल छापणारे कार्यालय होते. फ्रान्सने १९६४ च्या कायद्याने सहा खोरे-संस्था स्थापन केल्या आणि त्यांना पाणी उचलणाऱ्यांकडून व प्रदूषण करणाऱ्यांकडून आकार वसूल करून तो त्याच खोऱ्यात खर्च करण्याची मुभा दिली. जर्मनीतल्या एम्शर नदीचे उदाहरण तर याहून जुने आहे. कोळशाच्या खाणींमुळे तेथील जमीन खचत असे आणि जमिनीखालून गटारे टिकत नसत. कोणतीही एक नगरपालिका हा प्रश्न एकटीने सोडवू शकत नव्हती. म्हणून १८९९ मध्ये नगरपालिका, खाणी आणि कारखाने यांनी मिळून एक सहकारी मंडळ स्थापन केले. त्या मंडळाने नदीचेच उघडे गटार केले, हेही सांगायला हवे. परंतु खाणी बंद पडल्यावर १९९२ पासून त्याच मंडळाने ती चूक दुरुस्त करायला घेतली आणि २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यापासून मुक्त झाली. सव्वाशे वर्षे टिकलेली आणि स्वतःचा पैसा असलेली संस्था नसती, तर तीस वर्षे चालणारे काम कोणी अंगावर घेतले असते?

उत्तर : वस्ती_आणि_पाणी

वरील उत्तरातील हिशेबाचा आग्रह मला मान्य आहे. तरीही आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे त्यात लक्ष गेलेले नाही, आणि ॲरिझोनाच्या उदाहरणाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ते उदाहरण पूर्ण होत नाही.

शंभर वर्षांच्या हमीचा नियम ‘उपविभागणी’ला लागू होता, आणि सहापेक्षा कमी भूखंड पाडले तर ती कायद्याच्या दृष्टीने उपविभागणी ठरत नव्हती. त्यामुळे जमिनीचे पाच-पाच तुकडे पाडत हमीशिवाय वसाहती उभ्या राहिल्या. स्कॉट्सडेल शहराच्या हद्दीबाहेरील रिओ व्हर्डे फूटहिल्स येथील शेकडो घरे टँकरने येणाऱ्या पाण्यावर अवलंबून होती आणि ते टँकर स्कॉट्सडेलच्या केंद्रावर भरले जात. कोलोरॅडो नदीतील तुटीमुळे १ जानेवारी २०२३ पासून त्या शहराने बाहेरच्या वसाहतीसाठी पाणी देणे बंद केले आणि तेथील लोकांवर भांडी न धुता दिवस काढण्याची वेळ आली. ते लोक गरीब नव्हते. तरीही त्यांची ही स्थिती झाली. जेथे रहिवाशांच्या हातात ना पैसा ना जमिनीची कागदपत्रे, तेथे काय होत असेल याची कल्पना करावी.

म्हणून माझे म्हणणे असे की ‘पाणी नाही, म्हणून घरे नाहीत’ हा नियम जेव्हा एकटाच लागू होतो, तेव्हा माणसे यायची थांबत नाहीत, ती फक्त नियमाच्या बाहेर राहायला जातात. परवानगी असलेल्या जमिनीची किंमत वाढते, आणि ज्यांना ती परवडत नाही ते नदीच्या पूररेषेत, डोंगरउतारावर किंवा शहराच्या हद्दीपलीकडे वस्ती करतात. तेथे ते पाणी वापरतातच. फक्त ते पाणी महाग, अशुद्ध आणि हिशेबात न धरलेले असते. नळाला जोडलेल्या घरापेक्षा टँकर आणि फेरीवाल्याकडून पाणी घेणाऱ्या घराला दर लिटरमागे कितीतरी अधिक मोजावे लागतात, ही गोष्ट जगातल्या बहुतेक वाढत्या शहरांत दिसते. हिशेब मांडणाऱ्याने या लोकांना ‘अनधिकृत’ म्हणून तक्त्यातून वगळले, की तो हिशेब चुकतो आणि अन्यायही होतो.

समन्यायाचे आणखी दोन पैलू आहेत आणि ते सहसा एकत्र मांडले जात नाहीत. एक शहराच्या आतला, दुसरा शहर आणि उद्भव, म्हणजे जेथून पाणी येते ती जागा, यांच्यामधला.

आतला पैलू केप टाउनने जगाला दाखवला. २०१८ च्या सुरुवातीला तेथे नळ बंद पडण्याचा दिवस मोजला जात होता आणि १ फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली गेली. सारे शहर एकजुटीने काटकसर करीत आहे, असे त्या वेळी सांगितले गेले. परंतु त्या महानगराविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा अंदाज मांडला की लोकसंख्येच्या सुमारे १४ टक्के असलेले श्रीमंत व उच्च मध्यमवर्गीय रहिवासी शहराच्या निम्म्याहून अधिक घरगुती पाणी वापरत होते. अवर्षणाच्या काळात ज्यांना परवडले त्यांनी स्वतःच्या आवारात विंधनविहिरी घेतल्या, म्हणजे सामायिक भूजलावरही आपला हात आधी ठेवला. ज्या वस्तीत माणशी पन्नास लिटर पाणी आधीच कधी मिळत नव्हते, तिला पन्नास लिटरची मर्यादा घालून काय वाचणार होते? आराखड्यात जेव्हा ‘दरडोई सरासरी’ लिहिली जाते, तेव्हा तिच्या आत पोहण्याचा तलाव आणि सार्वजनिक नळावरची रांग एकाच आकड्यात मिसळलेली असते. सरासरीऐवजी वस्तीनिहाय वापर छापणे बंधनकारक करावे, अशी माझी आपल्याला पहिली सूचना आहे.

दरांविषयी एक सावधगिरी सांगते. जास्त वापराला जास्त दर, ही टप्प्यांची पद्धत न्याय्य वाटते आणि पुष्कळदा ती असतेही. मात्र एकाच नळजोडणीवर चार-पाच कुटुंबे पाणी भरत असतील, तर त्यांचा एकत्रित वापर वरच्या टप्प्यात जातो आणि गरीब कुटुंबे श्रीमंतांचा दर भरतात. जोडणीऐवजी माणसे मोजल्याशिवाय ही पद्धत समन्यायी होत नाही. याउलट कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह हिने केलेले काम मला फार महत्त्वाचे वाटते. १९९३ मध्ये तेथील सुमारे ७२ टक्के पाणी गळती, चोरी आणि बेहिशेबी वापरात जात होते. पुढील पंधरा वर्षांत हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आले. गरीब कुटुंबांना जोडणीच्या खर्चात सवलत आणि हप्ते दिले गेले, त्यामुळे जे आधी विकतचे पाणी घेत होते ते ग्राहक झाले. तेथे गळती रोखण्याचे काम आणि गरिबांना नळ देण्याचे काम एकच होते.

दुसरा पैलू उद्भवाकडच्या लोकांचा. मेक्सिको सिटीला पाणी देणारी कुत्सामाला योजना पाणी हजार मीटरहून अधिक उंच उचलून शहरात नेते. २००४ मध्ये त्या योजनेच्या परिसरातल्या मासावा समाजातील स्त्रियांनी आंदोलन उभारले. त्यांची शेते योजनेच्या पाण्याने बुडाली होती. शिवाय ज्या पाण्यावर महानगर जगत होते, त्याच्या शेजारी राहूनही त्यांच्या घरांत नळ नव्हता. समन्याय हा शब्द आराखड्यात लिहिताना या दृश्याचा विसर पडू देऊ नये.

प्रश्नकर्त्याची पुरवणी : नगररचना_अभ्यासक

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. सहापेक्षा कमी भूखंडांची पळवाट मला ठाऊक नव्हती, आणि तिच्यामुळे माझा मूळ प्रश्नच बदलला आहे. हिशेब आधी करावा, हे पटले. पण त्याचे उत्तर ‘नाही’ आले, तर लोकांना हद्दीबाहेर न लोटता पुढे काय करायचे? सांडपाण्याचा पुनर्वापर हा मार्ग मला दिसतो. शहरात आलेल्या पाण्यापैकी फार मोठा भाग गटारातून परत जातो, मग तोच शुद्ध करून वापरला तर नवे पाणी आणण्याची गरज कितीशी उरेल? शिवाय उद्भवाकडच्या लोकांना न्याय देण्याची एखादी व्यवस्था कोठे टिकली आहे काय?

उत्तर : भूजल_निरीक्षक

पुनर्वापराबद्दल आपली आशा रास्त आहे, मात्र तिचा हिशेब वाटतो तितका सरळ नाही.

तंत्र जुने आणि सिद्ध आहे. नामिबियातील विंडहूक शहर १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळते, आणि जगात असे करणारे ते पहिले शहर. सिंगापूरने २००३ पासून असे पाणी मोठ्या प्रमाणावर वापरायला घेतले. त्यातले बरेचसे उद्योगांना जाते आणि काही भाग जलाशयांत सोडला जातो. पण ही दोन्ही उदाहरणे वाचताना भूगोल पाहावा. सिंगापूरचे सांडपाणी अन्यथा समुद्राला मिळाले असते. ते अडवल्याने खाली कोणाचे काही गेले नाही. ज्या शहराचे सांडपाणी नदीला मिळते आणि पुढे चाळीस किलोमीटरवरचा शेतकरी तेच पाणी उपसून पीक काढतो, तेथे शहराने ते स्वतःसाठी राखणे म्हणजे त्या शेतकऱ्याचे पाणी घेणे होय. शहराच्या कागदावर ते ‘नवे पाणी’ दिसते. खोऱ्याच्या कागदावर ते केवळ एका नावावरून दुसऱ्या नावावर गेलेले असते. म्हणूनच हिशेब खोऱ्याचा हवा, या वरच्या मताला माझा पाठिंबा आहे.

असाच घोटाळा काटकसरीच्या बाबतीत होतो. कालव्याला अस्तर केले, ठिबक बसवले आणि एवढे पाणी ‘वाचले’ असे जाहीर केले. परंतु कालव्यातून झिरपणारे पाणी वाया जात होते की खालच्या विहिरींना मिळत होते, हे कोणी मोजले नाही. ऑस्ट्रेलियातील मरे–डार्लिंग खोऱ्यात सिंचन-सुधारणेवर मोठा सार्वजनिक खर्च झाल्यावर नेमका हाच वाद उभा राहिला : वाचवलेले पाणी खरोखर नदीला मिळाले, की पूर्वी झिरपून नदीत परतणारे पाणीच कमी झाले? मी कोणत्याही आराखड्यात ‘बचत’ हा शब्द पाहिला की आधी विचारतो, हे पाणी पूर्वी कोठे जात होते.

आता भूजल. आराखड्यांत त्याला एक परिच्छेद मिळतो, आणि प्रत्यक्षात शहराच्या कडेची निम्मी वाढ त्याच्यावर उभी असते. ते दिसत नाही, प्रत्येक भूखंडावरून उपसता येते आणि कोणाच्याही परवानगीसाठी थांबत नाही. शहर पसरताना एकीकडे उपसा वाढतो आणि दुसरीकडे सिमेंट व डांबराखाली मुरण्याची जागा घटते. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका हेक्टरवर पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर पाच लाख लिटर. हे पाणी मुरले तर विहिरीला, नाही मुरले तर खालच्या वस्तीच्या घरात. टंचाई आणि पूर ही एकाच जमीनवापराची दोन रूपे आहेत, आणि तरीही बहुतेक ठिकाणी त्यांची खाती वेगळी आणि नकाशेही वेगळे असतात. माझ्या मते प्रादेशिक आराखड्यात सर्वांत आधी आखायची रेषा पुनर्भरण क्षेत्राची असावी, रस्त्याची नंतर. जेथे जमीन खरोखर पाणी पिते ती ठिकाणे एकूण क्षेत्राच्या मानाने थोडीच असतात. तेवढी राखणे शक्य असते. एकदा बांधकाम झाले की ती कोणत्याही खर्चाने परत मिळत नाहीत.

उपसा आटोक्यात येऊ शकतो, याचे आश्वासक उदाहरण टोकियोचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील सखल भाग अतिउपशामुळे वेगाने खचत होता. १९५६ चा औद्योगिक पाण्याचा कायदा आणि १९६२ चा इमारतींच्या उपशाचा कायदा यांनी विहिरींवर निर्बंध आले, आणि त्याचबरोबर उद्योगांना नदीचे पाणी नळाने देण्याची सोय केली गेली. १९७० च्या दशकानंतर खचणे जवळजवळ थांबले. यातील ‘त्याचबरोबर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जकार्तामध्ये नळाचे पाणी सर्वांपर्यंत पोहोचलेले नसताना लोक जमिनीखालचे पाणी उपसत राहिले आणि शहराचा उत्तर भाग समुद्रसपाटीखाली जात राहिला. पर्याय न देता घातलेली बंदी कागदावर राहते.

उत्तर : निवृत्त_जलअभियंता

उद्भवाकडच्या न्यायाबद्दल आपण विचारले आहे. न्यूयॉर्कचे उदाहरण पुष्कळ ठिकाणी अर्धेच सांगितले जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

त्या शहराचे सुमारे ९० टक्के पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर या दूरच्या पाणलोटांतून येते आणि ते मोठ्या गाळण प्रकल्पाविना पुरवले जाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस केंद्रीय नियम कडक झाले, तेव्हा शहरापुढे दोन पर्याय होते : अब्जावधी डॉलरांचा गाळण प्रकल्प, किंवा पाणलोटच इतके स्वच्छ ठेवणे की गाळण्याची गरज पडू नये. शहराने प्रथम पाणलोटातल्या गावांवर निर्बंध लादण्याचा मसुदा काढला, आणि गावांनी तीव्र विरोध केला. त्या विरोधाला इतिहास होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच जलाशयांसाठी तेथील गावे उठवली गेली होती. तडजोड १९९७ च्या करारात झाली. शहर जमीन विकत घेईल, पण केवळ स्वखुशीने विकणाऱ्याकडून; शेतकऱ्यांच्या गोठ्यांचे आणि खताचे व्यवस्थापन सुधारण्याचा खर्च शहर देईल; गावांच्या सांडपाणी प्रकल्पांची सुधारणा शहराच्या पैशाने होईल; आणि गावांच्या स्वतःच्या संस्थेला निधी मिळेल. हे केवळ ‘निसर्गाने पैसे वाचवले’ असे सांगितले जाते, तेव्हा त्यातला वाटाघाटीचा भाग नाहीसा होतो. हा करार टिकला, कारण गावांना ‘नाही’ म्हणता येत होते.

आणखी एक मुद्दा राहून जाऊ नये. टंचाईतले वाटप टंचाई येण्यापूर्वी लिहून ठेवावे. केप टाउन आणि आसपासचे शेतकरी एकाच धरणसमूहातून पाणी घेतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रोएनलँड भागातील शेतकऱ्यांच्या संघाने आपल्या साठ्यातील सुमारे दहा अब्ज लिटर पाणी शहरासाठी सोडले, आणि नळ बंद पडण्याचा दिवस पुढे जाण्यास त्याची मदत झाली. ते औदार्य थोर होते. परंतु कोट्यवधी लिटरांचा आणि लाखो लोकांचा प्रश्न औदार्यावर सोडणे मला योग्य वाटत नाही. धरण अमुक टक्क्यांवर आले की कोणाची कपात किती, शेतीला भरपाई कोणी द्यायची आणि कोणत्या वस्तीचा किमान पुरवठा कधीही कापायचा नाही, हे सर्व धरण भरलेले असतानाच ठरवता येते. रिकाम्या धरणाच्या काठावर बसून न्याय्य वाटप झालेले मी पाहिलेले नाही.

प्रश्नकर्त्याची पुरवणी : नगररचना_अभ्यासक

माझ्या प्रबंधाची मांडणी मी बदलत आहे. पाण्याचे प्रकरण शेवटच्या स्थानावरून उचलून दुसऱ्या स्थानावर आणतो. नकाशांत पुनर्भरण क्षेत्र आणि पूररेषा प्रथम, आणि जमिनीचे वाटप त्यानंतर. दरडोई सरासरीऐवजी वस्तीनिहाय वापराचा तक्ता देण्याचेही ठरवले आहे. एक अडचण मात्र आहे. टँकरचे आणि खासगी विहिरींचे पाणी कोणत्याच नोंदवहीत नसते. मग त्या वस्त्यांसमोर कोणता आकडा लिहावा?

उत्तर : वस्ती_आणि_पाणी

रकाना रिकामा ठेवू नये, आणि शून्यही लिहू नये. शून्य पाहिले की वाचणारा तेथे गरजच नाही असे समजतो. वस्तीत जाऊन एका आठवड्यात किती टँकर आले, त्यांची टाकी केवढी, एक भांडे भरायला किती वेळ रांगेत उभे राहावे लागते आणि पाणी भरायला घरातले कोण जाते, एवढे विचारले तरी वापराचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. प्रश्न शक्यतो पाणी भरणाऱ्या व्यक्तीलाच विचारावेत, घरातल्या कर्त्या पुरुषाला नव्हे. दोघांच्या उत्तरांत मला नेहमी फरक आढळला आहे. आकड्याशेजारी ‘प्रत्यक्ष विचारणेवरून’ असे स्पष्ट लिहावे आणि उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यानंतर एकदा अशी दोनदा मोजणी करावी.